अर्धं श्वासाचं, अर्धं रूपाचं

प्रेमिला रामटेके अकरा वर्षांच्या होत्या तेव्हा थोरल्या भावानं टोलवलेली विटी थेट त्यांच्या नाकावर येऊन आदळली. आईनं हळदीचा लेप लावला, भावाला दोन धपाटे घातले आणि प्रकरण मिटलं. आठ दिवसांनी सूज ओसरली, पण नाक जागेवर आलं नाही. ते उजवीकडे कललं ते कललंच, आणि मधोमध एक उंचवटाही येऊन बसला. श्वास एका बाजूनं चालू होता, शाळा चालू होती, त्यामुळे घरात कुणाला काळजीचं काही वाटलं नाही.

चाळीस वर्षांनी प्रेमिलाबाई शहराला लागून असलेल्या वाडीतल्या एका शाळेत गणित शिकवत होत्या आणि उपमुख्याध्यापिकाही झाल्या होत्या. अमरावती रोडवर दिवसभर ट्रक, दोन्ही बाजूंना गोदामं, हवेत धूळ. त्यांची डावी नाकपुडी कायमची बंद आणि उजवी मर्जी असेल तेव्हा उघडी. बोलताना 'न'चा 'ड' व्हायचा आणि 'म'चा 'ब'. पायथागोरसचं 'प्रबेय' शिकून पंचवीस तुकड्या त्यांच्या हाताखालून बाहेर पडल्या होत्या. नवाचा पाढा लागला की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास "डऊ डव्वे एक्क्याऐंशी" म्हणायचं आणि बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. पुढे त्यांचं बोलणं मी शक्यतो नेहमीच्या अक्षरांतच लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याचे हाल व्हायचे.

त्या वर्षी शाळेचा दुसरा मजला चढताना त्यांना दोनदा थांबावं लागू लागलं. त्यांचे यजमान देवाजी एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर होते. फार सौम्य माणूस. हमालांना कामाला लावायचं असलं तरी "भाऊ, जमते का पाह्य" असं म्हणणारा. ते या बाबतीत मात्र हट्टाला पेटले आणि बायकोला शहरात, रामदासपेठेत नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर रितिका खापेकर पस्तिशीतल्या होत्या. त्यांनी नाकात दुर्बीण घातली, पडद्यावर आतलं चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, आतला पडदा पार वाकलाय. इतकी वर्षं तुम्ही श्वास घेतला कुठून?"

"तोंडानं," देवाजींनी उत्तर दिलं. "आणि राग आला की अजिबात नाही."

प्रेमिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना डॉक्टरांशी एकटीनं बोलायचं होतं आणि हा माणूस खुर्चीला चिकटून बसला होता.

"गाडी लॉक केली काय तुमी?"

"केली."

"मले नाही वाटत. पाहून या ना."

देवाजी उठून गेले. दार लागल्याबरोबर प्रेमिलाबाई टेबलावर वाकल्या. "डॉक्टर, आतलं करता करता... हे वरचं कुबड बी जाते काय?"

बोलून झाल्यावर त्यांचे कान तापले. कारण ही गोष्ट त्यांनी जन्मात कुणालाही सांगितली नव्हती. लग्नात फोटोग्राफरनं "ताई, जरा डावीकडं पाहा" असं अकरा वेळा सांगितलं होतं, तेव्हापासून त्या प्रत्येक फोटोत सगळ्यात उजव्या टोकाला उभ्या राहत. आरशात केस विंचरताना नाकावरून नजर उचलून घ्यायची सवय झाली होती. आणि दरवर्षी शाळेत मुलींपुढे उभं राहून त्याच सांगत, "रूपाचं काही खरं नसते, पोरीओ. शिका." मुलींनी ते मनावर घेतलं होतं. तीन जणी इंजिनीअर झाल्या होत्या. आता त्याच बाईनं एक्कावन्नाव्या वर्षी नाक सरळ करून मागायचं म्हणजे काय?

डॉक्टरांना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. "जाते ना. उलट तुमच्या बाबतीत दोन्ही सोबतच करावं लागेल. बाहेरचं हाड वाकडं म्हणून आतला पडदाही वाकडाच राहतो. आतलं एकटंच सरळ केलं तर श्वास अर्धवट सुधारेल. एकाच वेळी, एकाच भुलीत दोन्ही करू."

त्यांनी समोरून, बाजूनं फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर नाक सरळ करून दाखवलं. प्रेमिलाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकं नको. थोडं कमी करा. पोरांनी मले ओळखलं पाहिजे."

"यजमानांना सांगायचं?"

"श्वासाचं सांगा. बाकीचं मी पाहतो."

डॉक्टर हसल्या. "नाक तुमचं आहे, निर्णयही तुमचा. पण संमतीच्या कागदावर मी पूर्ण नाव लिहिणार."

देवाजी परत आले. गाडी लॉकच होती.

ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरलं. प्रेमिलाबाईंनी नवऱ्याकडून शपथ घेतली की कुणालाही, अगदी कुणालाही सांगायचं नाही. लेक दीप्ती पुण्यात नोकरीला होती, तिलाही नाही. ती घाबरून रजा टाकून येईल, हे कारण. शेजारीपाजारी सांगून ठेवलं की आम्ही चार दिवस दीप्तीकडे चाललो. देवाजींना खोटं बोलणं जमत नसे, म्हणून त्यांनी चौथ्या माणसापासून नुसतं "पुणे" एवढंच म्हणायला सुरुवात केली.

ऑपरेशनच्या दिवशी प्रेमिलाबाईंना आत नेलं आणि देवाजी बाहेर बाकड्यावर बसले. त्यांच्या हातात संमतीच्या कागदाची प्रत होती. त्यावर भलंमोठं नाव होतं, सेप्टोरायनोप्लास्टी. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी ते एकेक अक्षर पाहत मोबाइलवर टाइप केलं. अर्थ वाचला. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही. ते एकटेच हसले आणि म्हणाले, "मले लॉक पाहाले पाठवलं होतं काय!" तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण खाली एक व्हिडिओ होता. त्यात डॉक्टर लोक नाकाच्या हाडावर बारीक छिन्नी ठेवून वरून हातोडीनं टकटक करत होते. तिसऱ्या टकटकीला देवाजी बाकड्यावरून घसरले आणि त्यांचं कपाळ चहाच्या मशीनच्या कोपऱ्यावर आपटलं.

भुलीतून बाहेर आल्यावर प्रेमिलाबाईंनी डोळे उघडले तर समोर नवरा उभा, कपाळाला पट्टी.

"तुबाले काय झालं?"

"काही नाही. दोन टाके पडले," देवाजी म्हणाले. "तू आराम कर."

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. नाकावर पांढरं प्लास्टर, आत दोन पट्ट्या बसवलेल्या आणि दोन्ही डोळ्यांखाली जांभळं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हाडाला हात लावला की डोळे काळे-निळे होतातच, दहा दिवसांत जातं. चष्मा नाकावर टेकवायचा नाही. म्हणून देवाजींनी तो काळ्या दोऱ्यानं डोक्याला असा बांधून दिला होता की काचा नाकाच्या वर अधांतरी लटकत होत्या.

गाडी घरासमोर थांबली तेव्हा फाटकात यमुताई उभी होती. देवाजींची थोरली बहीण, मागच्या गल्लीत राहायची. हातात सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा होता. घर बंद दिसलं, शेजारणीनं 'ते पुण्याले गेले' असं सांगितलं, म्हणून ती डबा घेऊन परत निघाली होती. तिनं भावजयीकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. डबा तिच्या हातात तसाच राहिला.

"तुमी तं पुण्याले गेले होते ना?"

"पुणे," देवाजी म्हणाले.

"हिले काय झालं?"

देवाजींना शपथ आठवली. "पडली."

"अन् तुले?"

"मी बी पडलो."

"दोघंबी? कुठं?"

देवाजींनी बराच विचार केला. "पुण्यात."

यमुताईनं भावजयीचा हात धरला. "प्रेमिला, तू सांग वं. यानं मारलं काय तुले?"

"डाही बाई, डाही!" प्रेमिलाबाई जोरजोरानं म्हणाल्या. पट्ट्यांमुळे आवाज असा आला की जणू कुणी तोंड दाबून धरलंय. मान हलवली तसा डोक्यावरचा चष्मा लोंबकळला. त्या घाईनं आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

यमुताईनं फाटकातूनच दीप्तीला फोन लावला. "आई-बाबा आले होते काय तुह्याकडं?" दीप्ती म्हणाली, "नाही आत्या, काहून?" झालं. यमुताईच्या लेखी सगळा हिशेब जुळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी चहा गाळत होते तेव्हा फाटक वाजलं. विहारातल्या महिला मंडळाच्या सात बायका आत आल्या. पुढे यमुताई, मागे मंडळाच्या अध्यक्ष कौसल्याबाई आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स राहून निवृत्त झालेल्या सिंधूताई. "जय भीम" झालं, पण त्यात रोजचा ओलावा नव्हता. सातही जणी पुढच्या खोलीत बसल्या आणि देवाजींना मधल्या स्टुलावर बसवलं. त्यांच्या हातात गाळणी तशीच होती.

"देवाजी," कौसल्याबाईंनी सुरुवात केली, "तुमी आमचे भावासारखे आहा. म्हणून पहिले घरी आलो. ठाण्यात मंग जाऊ."

"ठाण्यात कायले?"

"तीस वर्षं हा माणूस गाईसारखा होता," यमुताई इतरांना सांगत होती. "आईनं याले कधी चापट मारली नाही. मले वाटे, हा मुंगी बी मारत नाही. आन् पाहा!"

"पण तिनं बी मारलेलं दिसते," एक बाई देवाजींच्या कपाळाकडे पाहून हळूच म्हणाली.

"बरंच केलं," यमुताई म्हणाली.

शपथ मोडायची नाही, एवढंच देवाजींना समजत होतं. ते गाळणीकडे पाहत राहिले आणि बायकांना ते पश्चात्तापाचं लक्षण वाटलं. कौसल्याबाईंनी कायद्याची कलमं सांगायला सुरुवात केली. दोन तर त्यांना पाठ होती.

आतल्या खोलीत प्रेमिलाबाई तीन उशांवर टेकून हे सगळं ऐकत होत्या. आधी त्यांना हसू आलं, पण हसलं की नाक दुखायचं. मग ठाण्याचं ऐकलं आणि हसू गेलं. त्या उठल्या, चष्मा सावरला आणि बाहेर आल्या.

"ह्याइडी काही केलं डाही! खरंच डाही!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कौसल्याबाईंनी पिशवीतून एक वही काढली. "प्रेमिला, तू आपल्या मंडळाची सचिव हायेस ना वं? हे तुह्याच हातचं अक्षर. नियम चार. 'बाई कितीही म्हणाली की काही झालं नाही, तरी एकदम विश्वास ठेवू नये.'"

प्रेमिलाबाईंना तो नियम आठवला. गेल्या उन्हाळ्यात लिहिला होता, दोनदा अधोरेखित करून. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

सिंधूताई इतका वेळ प्लास्टरच निरखत होत्या. त्या उठल्या, प्रेमिलाबाईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि प्लास्टर जवळून पाहिलं. "हे माराचं नाही वं," त्या म्हणाल्या. "हे ऑपरेशनचं प्लास्टर होय. नाकात पट्ट्या बी हायेत, दोरा दिसून राहिला."

बाकीच्या सहाही जणी प्लास्टर पाहायला पुढे वाकल्या.

"व्हय," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "श्वासाचं ऑपरेशन केलं. आतला पडदा वाकडा होता."

सगळ्यांचे खांदे सैल झाले. यमुताईनं भावाच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यावर सगळं सुटलं असतं, पण सिंधूताईंची तीस वर्षांची नोकरी त्यांना स्वस्थ बसू देईना. "नुसत्या पडद्याचं असतं तं बाहेरून प्लास्टर नसते मारत. डोळे बी इतके काळे होत नाहीत. हे हाडाचं काम होय."

सात जोडी डोळे प्रेमिलाबाईंवर आले. त्यांनी एकदा देवाजींकडे पाहिलं. त्या बिचाऱ्यांचा चेहरा वर्गात उगाच शिक्षा भोगणाऱ्या पोरासारखा झाला होता. आता अर्धंच सांगून चालणार नव्हतं.

"अर्धं श्वासाचं," त्या म्हणाल्या, "आन् अर्धं रूपाचं."

"रूपाचं?" यमुताई म्हणाली. "एक्कावन्नच्या वयात?"

"एकविसाच्या वयात कोण करून देत होतं बाई?" प्रेमिलाबाईंचा आवाज पट्ट्यांतूनही चढला. "अकरा वर्षांची होतो, तेव्हापासून हे नाक घेऊन फिरलो. कोणी काही म्हणे नाही, पण पाहत तं सगळे तिथंच. पाहाले आलेला पहिला पोरगा नाक पाहून परत गेला. शाळेत पोट्टे माह्यावानी बोलून दाखवत. मी म्हणो, रूपाचं काही खरं नसते. आता बी म्हणतो. पण एकदा आरशात पाहून मले सोताचं तोंड सरळ पाहावंसं वाटलं तं काय पाप झालं?"

बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं आणि नाक शिंकरायची मनाई असल्यामुळे त्यांची भलतीच पंचाईत झाली. देवाजींनी उठून कापूस दिला. "शिंकरू नको, टिप," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं ना."

"तुमाले माहीत होतं?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"कागदावर लिहिलं होतं ना वं. मी पूर्ण वाचलं. व्हिडिओ बी पाहिला," देवाजींनी कपाळाच्या पट्टीला बोट लावलं. "म्हणून तं हे झालं."

मग चहाच्या मशीनचा किस्सा त्यांना सगळ्यांना सांगावा लागला. सांगताना त्यांनी छिन्नी-हातोडीचा हावभाव केला तेव्हा एक बाई "अगं माय!" म्हणून किंचाळली आणि नंतर सगळ्या हसत सुटल्या. प्रेमिलाबाई हातानं प्लास्टर धरून "हसवू डका, दुखते" म्हणत होत्या आणि त्यामुळे अजूनच हसू येत होतं. कौसल्याबाईंनी वही पिशवीत टाकली. देवाजींनी आठ जणींचा चहा टाकला. त्या सगळ्या दोन तास बसल्या. दुखते काय, भूल कशी देतात, हनुवटीचं बी करून देते काय, असं एकेकीनं विचारून घेतलं. नाक मुरडत विचारणाऱ्याही दोघी होत्या, पण विचारलंच.

आठव्या दिवशी रामदासपेठेत प्लास्टर निघालं. आतल्या पट्ट्या काढल्या तेव्हा थंड हवेचा एक झोत दोन्हीकडून थेट डोक्यापर्यंत गेला आणि प्रेमिलाबाई दचकल्या. चाळीस वर्षांत डावीकडून हवा आली नव्हती. त्यांना आधी स्पिरिटचा वास आला, मग डॉक्टरांच्या साबणाचा, मग शेजारी उभ्या देवाजींच्या शर्टाचा.

"हा शर्ट किती दिवसांपासून घालून राहिले तुमी?"

"आजच..." देवाजींनी सुरुवात केली आणि ते थांबले. त्यांच्या लक्षात आलं की आता या बाबतीत खोटं बोलण्याचे दिवस संपले.

डॉक्टरांनी आरसा दिला. नाक सुजलेलं होतं, उकडलेल्या बटाट्यासारखं. पण बटाटा सरळ होता. "पूर्ण आकार यायला वर्ष लागेल," डॉक्टर म्हणाल्या. प्रेमिलाबाईंनी मान हलवली. पुढची पंधरा मिनिटं त्यांनी आरसा खाली ठेवला नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली तोवर जांभळं गेलं होतं आणि सूजही बरीच उतरली होती. त्या सकाळी प्रेमिलाबाई घाबरतच गेल्या. काय काय विचारतील आणि काय उत्तर द्यायचं याची त्यांनी रात्रभर तयारी केली होती. मुख्याध्यापक विश्वनाथ सर त्यांना पाहून थबकले. "मॅडम, काहीतरी वेगळं दिसून राहिलं." प्रेमिलाबाईंनी श्वास रोखला. "चष्मा बदलला काय?"

शिक्षकांच्या खोलीत एकीनं वजन कमी झालं म्हणून अभिनंदन केलं. दुसरीनं केसांचा रंग कोणता लावता ते विचारलं. शिपाई शालिकराम म्हणाला, "तब्येत सुधारली मॅडम तुमची, पुण्याचं पाणी मानवलं." तीन दिवस त्या वाट पाहत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांना स्वतःचाच राग आला. लपवायचं म्हणून एवढं रामायण झालं आणि आता दिसत नाही म्हणून जीव जळतोय. मधल्या सुट्टीत त्या खुर्चीवरून उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माह्या नाकाचं ऑपरेशन झालं. सरळ केलं. पाहा!"

सगळ्यांनी पाहिलं. विश्वनाथ सर जवळ आले, मान तिरकी करून बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "वाकडं होतं काय पहिले?"

प्रेमिलाबाईंना हसावं की रडावं कळेना. घरी आल्यावर त्यांनी देवाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी बी तेच म्हणणार होतो, पण तुले राग येईन म्हणून गप्प बसलो." त्यांना राग आलाच. पण मग त्या आरशापुढे गेल्या, केस विंचरले, आणि चांगली पाच मिनिटं स्वतःकडे सरळ पाहिलं. बाकीच्यांना दिसो न दिसो, त्यांना दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून दुसरा मजला त्या एका दमात चढू लागल्या.

महिनाभरानं एका दुपारी यमुताई आली आणि स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "प्रेमिला, मी झोपेत घोरतो म्हणते सून. ते तुही डॉक्टर... नाव काय म्हणालीस?"

"घोरण्यासाठी जायचं की नाकासाठी?"

"आता गेलोच तं सगळंच दाखवून घेऊ ना वं," यमुताई म्हणाली आणि नाकाच्या शेंड्याला हलकेच बोट लावलं.

प्रेमिलाबाई तिला घेऊन रामदासपेठेत गेल्या. यमुताईनं नवीन लुगडं नेसलं होतं. डॉक्टर रितिकांनी दुर्बिणीनं आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, तुमचं नाक एकदम उत्तम आहे. आतून, बाहेरून, दोन्हीकडून. याला हात लावायची गरज नाही. दोन-चार किलो वजन कमी करा आणि कुशीवर झोपा, घोरणं कमी होईल."

यमुताई बाहेर आली ती फुगून. गाडीत बसल्यावर म्हणाली, "काही समजत नाही या डॉक्टरीणले. नवीन हाये वाटते."